परतीचा आग्रह

अमेरिकी फुटबॉलमध्ये रनिंग बॅक हा खेळाडू चेंडू छातीशी धरून प्रतिस्पर्ध्यांच्या फळीत शिरतो. बहुतेकदा त्याची धाव काही यार्डांतच संपते, आणि संपते ती कोणीतरी त्याला जमिनीवर पाडल्यामुळे. अनेक खेळांत आघात हा अपघात मानला जातो. येथे तो जवळजवळ प्रत्येक धावेचा नियत शेवट आहे.

मार्कस लॅटिमोर साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या संघात आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. सप्टेंबर २०१० मध्ये, दुसऱ्याच सामन्यात, जॉर्जियाविरुद्ध त्याच्या हाती ३७ वेळा चेंडू सोपवण्यात आला आणि त्याने १८२ यार्ड मिळवले. त्या मोसमात १,१९७ यार्ड आणि धावून केलेले १७ टचडाउन त्याच्या नावावर जमा झाले. ओढणाऱ्या बैलालाच पुन्हा जुंपले जाते, हा व्यवहार तिथेही निराळा नाही.

ऑक्टोबर २०११ मध्ये त्याच्या डाव्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्महिने व्यायाम झाला आणि पुढच्या मोसमात तो परतला. २७ ऑक्टोबर २०१२ रोजी कोलंबिया शहरातल्या मैदानावर टेनेसीविरुद्ध त्याचा उजवा गुडघा निखळला. या वेळी एकाहून अधिक लिगामेंट तुटली. दोन्ही संघांचे खेळाडू मैदानात येऊन त्याच्याभोवती उभे राहिले. दोनच दिवसांनी तो एकवीस वर्षांचा झाला. शालेय शिक्षण संपून तीन वर्षे लोटल्याखेरीज व्यावसायिक लीगचे दार उघडत नाही, असा नियम आहे. दोन्ही दुखापती त्या तीन वर्षांतल्या; म्हणजे शिष्यवृत्ती मिळत असे, पण वेतन घेण्यास तेव्हा मनाई होती, अशा काळातल्या.

तरुणपणी मी कबड्डी खेळत असे. एका चढाईत घोटा पकडला गेला, शरीर वळले आणि गुडघा मात्र वळला नाही. शस्त्रक्रियेनंतर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडीचा स्नायू आवळायचा, सोडायचा, पुन्हा आवळायचा, एवढेच माझे जग उरले होते. भेटीला येणारा प्रत्येक जण आपुलकीने विचारी, ‘पुढच्या मोसमात उतरणार ना?’ उतरावेसे वाटते का, हे कोणी विचारले नाही. त्या प्रश्नामागचे प्रेम निखळ होते, याविषयी मला आजही शंका नाही. तरीही त्या प्रेमाचे ओझे गुडघ्याच्या वेदनेहून वेगळे जाणवत असे. वेदना निदान माझी होती.

पुढे लॅटिमोरविषयी वाचताना या प्रश्नाचे स्वरूप मला थोडे उमगले. जखमी खेळाडू परतावा असे आपल्याला वाटते, त्यात त्याच्याविषयीची सदिच्छा असतेच. पण आपली स्वतःची सुटकाही असते. तो परतला की घडलेले सारे एका शौर्यकथेचा मधला अध्याय ठरते, आणि आपण टाळ्या वाजवून पाहिलेल्या खेळाने कुणाचे काय घेतले, हा हिशेब मांडावा लागत नाही.

ज्याला परतणेच शक्य नसते, त्याच्या बाबतीत हा हिशेब टाळता येत नाही. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा रनिंग बॅक केंट वॉल्ड्रेप १९७४ मध्ये अलाबामाविरुद्धच्या सामन्यात मानेला इजा होऊन पक्षाघाताने जखडला. कामगाराला मिळते तशी भरपाई आपल्यालाही मिळावी, यासाठी तो दीर्घकाळ झगडला. २००० मध्ये टेक्सासच्या अपील न्यायालयाने त्याच्या विरोधातला निर्णय कायम केला: तो विद्यापीठाचा कर्मचारी नव्हता. कायद्याच्या चौकटीत हा युक्तिवाद सुसंगत असेलही. पण ज्या श्रमावर स्टेडियम भरते, त्याला श्रम म्हणायचे नाही, ही सोय कोणासाठी आहे, हे समजण्यास वकील लागत नाही.

लॅटिमोरला २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्स या व्यावसायिक संघाने नवोदितांच्या वार्षिक निवडीच्या चौथ्या फेरीत घेतले. पहिले वर्ष उपचारांत गेले. नंतर तो सरावाला उतरला, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये, एकही व्यावसायिक सामना न खेळता, त्याने निवृत्ती जाहीर केली. वय तेवीस. हा पराभव होता असे मला वाटत नाही. दोनदा चालायला शिकलेल्या माणसाने, सर्वांच्या शुभेच्छा पाठीशी असताना, त्या शुभेच्छांना नकार दिला. परतण्यासाठी जे बळ लागते त्याची आपण वाखाणणी करतो. या नकाराला लागलेल्या बळासाठी मात्र आपल्याकडे ना सोहळा आहे, ना पारितोषिक.

काही वर्षांनी तो साउथ कॅरोलायनाच्या संघात खेळाडूंच्या विकासाचा संचालक म्हणून आला. मैदानाबाहेरच्या आयुष्यासाठी खेळाडूंना सिद्ध करणे हे तिथले काम. २०२० मध्ये तेही सोडून तो दूर ओरेगन राज्यात राहायला गेला आणि कविता लिहू लागला.