टाकीच्या आतून

बोईसरहून तारापूर एमआयडीसीकडे जाताना कारखान्यांच्या भिंती बाहेरूनच दिसतात. आज मनाने आत उतरू या. श्वास सावकाश होऊ द्या. सांडपाण्याची एक टाकी डोळ्यांपुढे आणा. अर्धी जमिनीत, रिकामी, धुऊन वाळवलेली, अजून अस्तर न लावलेली.

भिंतीवर तळहात टेका. हे कॉंक्रीट क्षारधर्मी आहे. त्याच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच साडेबाराच्या पुढे असतो. या क्षारतेमुळेच आतल्या सळईवर अतिसूक्ष्म संरक्षक थर टिकतो आणि ती गंजत नाही. सळई काही सेंटिमीटर आत आहे. तिथवर लक्ष न्या. थांबा.

आता रसायनं, रंग, औषधं बनवताना उरलेलं आम्लयुक्त पाणी टाकीत येताना पाहा. आम्ल सिमेंटमधला चुना विरघळवतं. सल्फेट आत शिरून फुगणारे स्फटिक तयार करतं. क्लोराइड सळईपर्यंत पोचून तिचा थर फोडतं. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते आणि कॉंक्रीटला ताण सोसत नाही, म्हणून भिंत आतूनच तडकते. घाईने पुढे जाऊ नका. त्या तड्यातून झिरपलेलं पाणी कुठे जाईल? जमिनीत, कुणाच्या तरी विहिरीकडे. हा प्रश्न मनात राहू द्या. मला या प्रश्नापुढे टाकीची किंमत दुय्यम वाटते.

या पाण्याच्या आणि भिंतीच्या मध्ये अस्तर येतं. एपॉक्सीचा लेप, काचतंतूंचं एफआरपी, आम्लरोधक विटा, किंवा कॉंक्रीट ओततानाच खुंट्यांनी त्यात रुतवलेली एचडीपीई प्लास्टिकची शीट. विटा सोडल्या तर सगळी जाडी काही मिलिमीटरची.

पालघरचा पाऊस आठवा. श्रावणात भूजल वर येतं आणि गाडलेल्या भिंतीवर बाहेरून दाब देतं. ओल आत सरकते. भिंत ओली असताना लेप मारला असेल, तर त्याखाली फोड येतात आणि पापुद्रा सुटतो. म्हणून आधी प्लास्टिकचा चौकोन भिंतीला कडेने घट्ट चिकटवून रात्रभर ठेवतात. सकाळी त्याखाली दव दिसलं, तर काम थांबवायचं. मुदत जवळ आली असली तरी थांबायचं. खरी कसोटी इथेच.

आता त्या बंद जागेत रेझिनच्या वाफांत काम करणारा माणूस पाहा. त्याला खेळती हवा हवी, मास्क हवा, उतरण्याआधी वायूची तपासणी हवी, वर तोंडाशी सतत उभा असणारा साथीदार हवा. त्याच्या श्वासावर क्षणभर लक्ष ठेवा. मग अस्तराकडे वळा. लेप झाल्यावर तो तपासायला विजेचा ब्रश सगळीकडे फिरवतात. सुईएवढ्या छिद्रातही ठिणगी उडते. तिथे खूण करायची, घासायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा तपासायचं.

इथून जवळच, समुद्रकाठी, 1969 पासून तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. अणुभट्टीतून काढलेलं इंधन पाण्याच्या खोल कुंडात ठेवतात. अशा कुंडांच्या कॉंक्रीटला स्टेनलेस स्टीलचं अस्तर असतं, आणि त्याच्या जोडांमागे गळती टिपणाऱ्या नळ्या ठेवण्याची पद्धत आहे. अस्तरही कधीतरी गळेल, हे बांधतानाच धरलेलं असतं. एमआयडीसीतल्या प्रत्येक गाडलेल्या टाकीला अशी मागची वाट हवी, आणि तिच्यात पाणी दिसतं का, हे रोज कुणीतरी वाकून पाहायला हवं.