सीतेची वेणी

घाटात वळवाच्या पावसात जुन्या आंब्याची एक फांदी मोडून पडली. त्या फांदीवर सीतेची वेणी नावाची आमरी फुलली होती. वाटेने जाणाऱ्या एका सावकाराला ती आमरी आवडली. फांदीसकट उचलून त्याने ती देशावरच्या आपल्या वाड्यात आणली.

सावकाराला फुलांची भारी हौस. त्याने कुंडीत काळी माती भरली, शेणखत घातले आणि आमरी त्यात लावली. दिवसातून तीनदा तो स्वतःच्या हाताने विहिरीचे पाणी घाली. महिनाभरात मुळे कुजली, पाने पिवळी पडली.

वाड्यात एक म्हातारा माळी होता. त्याच्या हाताखाली एक पोरगा काम शिकत होता. माळी म्हणाला, "पोरा, ही झाडावर राहणारी. हिच्या मुळांना वारा लागतो." पोरग्याने कुजलेली मुळे कापली. अंगणातल्या आंब्याच्या खोडाला, सावलीच्या बाजूला, त्याने ती काथ्याने बांधली. पावसाळ्यात तिला नवी मुळे फुटली.

दिवाळी झाली, पाऊस सरला. सावकार पुन्हा विहिरीचे पाणी घालू लागला. मुळांवर पांढरे किटण चढले, टोके काळी पडली. कारण कोणाला कळेना.

एके सकाळी पोरगा पाणी तापवायचा बंब घासत होता. आतून तसलेच पांढरे किटण निघाले. तो तडक स्वयंपाकघरात गेला. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे, म्हणून सावकारीणबाई पागोळ्यांचे पाणी रांजणांत साठवून ठेवत.

"आईसाहेब, आमरीसाठी यातलं तांब्याभर पाणी द्याल?"

त्यांनी दिले. पोरग्याने आधी मुळे धुतली. मग रोज सकाळी तो मुळे बघे. सुकून रुपेरी झाली असली तर पाणी शिंपडी, हिरवी असली तर तसाच परत फिरे. थंडीत त्याने पाणी आणखी कमी केले.

सावकार चिडला. "अरे, उपाशी मारशील तिला!"

"मालक, एक उन्हाळा थांबा," माळी म्हणाला.

चैत्रात गरम वारे सुटले. पोरग्याने झाडाच्या पश्चिमेला ओले गोणपाट टांगले. दुपारी तो आळ्यात पाणी शिंपडी, म्हणजे भोवती ओलावा राही.

वैशाख सरता सरता पानांच्या बेचक्यातून एक तुरा खाली लोंबला. पांढरी फुले, त्यांवर जांभळट ठिपके. सावकार बघतच राहिला.

"पोरा, तू हिला असं काय दिलंस, जे मी दिलं नाही?"

"मालक, तुम्ही माझ्यापेक्षा जास्तच दिलंत. मी आधी तिची मुळं बघायचो, मग पाणी द्यायचो."

तात्पर्य : ज्याला जपायचे, त्याची गरज आधी ओळखावी. न ओळखता केलेली मायाही बाधते.