सिमेंटच्या पत्र्यातला धागा

ॲस्बेस्टॉस हे खनिज असूनही त्याचे धागे निघतात. हे धागे जळत नाहीत, कुजत नाहीत आणि उष्णता अडवतात. वऱ्हाडात ते सिमेंटमध्ये मिसळून आले, ‘सिमेंटचा पत्रा’ या नावाने. खनिजाचे नाव तेवढे गळाले. अमरावतीजवळच्या वलगावच्या उन्हाळ्यात टिनाखाली दुपार निघत नाही. हा पत्रा त्याहून कमी तापतो, गंजत नाही आणि परवडतो. घेणाऱ्याला दोष देता येत नाही.

अखंड पत्रा फारसा घातक नसतो. तो कापताना, भोक पाडताना किंवा वादळात फुटल्यावर सूक्ष्म धागे फुप्फुसात शिरतात आणि तिथेच राहतात. ॲस्बेस्टोसिस आणि कर्करोग बहुधा वीस-चाळीस वर्षांनी उघड होतात. तोवर कोणता पत्रा कापला, हे मिस्त्रीला आठवतही नसते. भारताने १९८६ साली नवे खाणपट्टे देणे थांबवले. आयात चालू राहिली. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि कारखान्यांना आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षे ठेवायला लावल्या. छतावर चढलेला रोजंदारी मजूर मात्र कुणाच्याच वहीत नसतो. पत्र्याची स्वस्ताई त्याच्या खात्यावर उभी आहे.

धाग्यांच्या थरात उष्णता अडते ती मुख्यतः त्यांच्यामध्ये कोंडलेल्या हवेमुळे, म्हणून तो धागा ॲस्बेस्टॉसचाच हवा असे नाही. रॉकवूल आणि ग्लासवूल हेच काम करतात. त्यांनी अंगाला खाज सुटते, मास्क लागतोच. पण त्यांचे धागे फुप्फुसात तसे टिकत नाहीत. छतासाठी ॲस्बेस्टॉसविरहित फायबर-सिमेंटचे पत्रे मिळतात. जुन्या धाब्याच्या घरात मातीचा जाड थर ऊन सावकाश आत सोडत असे. आणि शेतात जाळली जाणारी कापसाची पऱ्हाटी? तिच्यापासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचे तंत्र मुंबईच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेने विकसित केले आहे. ओल आणि वाळवी यांपासून जपले, तर पत्र्याखालच्या छताला हे बोर्ड चालू शकते. कापसाच्या मुलखाने हा पर्याय आधी तपासायला हवा.

जुना पत्रा घाईने फोडू नये. तो ओला करून, अखंड उतरवावा. तरीही पडलेले तुकडे जाड पिशवीत बंद करावेत. वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, २० डिसेंबर १९५६ रोजी हाती झाडू घेऊन गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांनी देह ठेवला. झाडूचा एवढा मान दुसऱ्या गावाला क्वचितच असेल. पत्र्याच्या या भुग्यावर मात्र कोरडा झाडू फिरवू नये, ओल्या फडक्याने तो टिपून घ्यावा.