नौकेतील श्रेणी आणि समदृष्टी

समुद्रपर्यटनाच्या क्रूझ नौकांवर प्रवाशांच्या अनेक श्रेणी असतात. कोणास खिडकीवाचून आतली खोली, तर कोणास समुद्राकडील सज्जा. जो अधिक भाडे देतो त्यास वेगळे भोजनगृह व चढण्या-उतरण्यात अग्रक्रम. हे गीतेतील समदर्शनाशी विसंगत नव्हे काय?

समदर्शन म्हणजे सर्वांस सारखी खोली, असे नव्हे. व्यवहारात भेद राहतोच. परंतु सर्वांत एकच आत्मा वसतो, हे जाणून वागावे. सुखसोयी विकत घेता येतात. प्राणांचे मोल मात्र भाड्यावरून ठरता कामा नये. १९१२ साली टायटॅनिक बुडाली, तेव्हा प्रथम वर्गातील शेकडा सुमारे ६२ प्रवासी वाचले, तृतीय वर्गातील शेकडा सुमारे २५ च. जीवनौकांत सुमारे अर्ध्याच लोकांपुरती जागा होती. पुढे १९१४ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय करारात ती प्रत्येकासाठी असावी, असे ठरले.

कायदा एवढेच करू शकतो. उरलेले काम अंतःकरणाचे आहे. वरच्या मजल्यावर सज्जा मिळताच खालचा सहप्रवासी किंवा खोली झाडणारा सेवक आपल्या दृष्टीत लहान झाला काय, हे गृहस्थाने तपासावे. झाला असेल, तर भाड्याबरोबर आपण अहंकारही विकत घेतला, असे समजावे.