मुक्कामाचा हक्क

तुंगार्लीतल्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात मुंबईच्या एका स्नेह्यांनी मला विचारलं, "वीस वर्षं मी इथली घरपट्टी भरतोय. खाली बाजारात माझं लॉज आहे, पंधरा घरं त्यावर चालतात. कचरा उचलला नाही की माझी गिऱ्हाइकं तुटतात. मग नगरपरिषदेला मत द्यायचा हक्क मला का नाही?"

२०२५च्या डिसेंबरात लोणावळ्यात नगरपरिषदेची निवडणूक झाली, तेव्हाचं हे बोलणं. त्याआधी काही वर्षं प्रशासक कारभार पाहत होते आणि मत कोणालाच नव्हतं. स्नेह्यांचा प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून तो माझ्या डोक्यातून गेला नाही.

कायद्याचं उत्तर सरळ आहे. नगरपरिषदेची मतदारयादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं विसावं कलम सांगतं की, एखाद्या ठिकाणी घर मालकीचं किंवा ताब्यात आहे, एवढ्यावरून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. स्नेह्यांचं नाव मुंबईच्या यादीत आहे आणि दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. त्यांनी कायमचं इथं राहायला यावं, तिकडचं नाव काढावं, मग इथलं मत त्यांचंच आहे.

पण कायदा असा का आहे? एके काळी तो उलटा होता. इंग्रजी अमदानीत नगरपालिकेचं मत मालमत्ता आणि कर पाहूनच मिळे. ज्याच्याकडे घर नाही त्याला गावाच्या कारभारात तोंड नव्हतं. १९२८ साली सायमन कमिशनपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रत्येक सज्ञान माणसाला मत मागितलं, ते याच भिंतीवर घाव घालण्यासाठी. पुढे बाबासाहेबांचं स्वतःचं घर आपल्या मावळात, तळेगाव दाभाड्याला झालं. मालमत्ता त्यांनाही मिळाली, पण मताचं माप त्यांनी मालमत्तेला लावू दिलं नाही. आजही लंडनच्या जुन्या गाभ्यात, 'सिटी ऑफ लंडन'मध्ये, कंपन्या आपले मतदार नेमतात. तिथं रहिवासी दहा हजारांच्या आत आणि कामाला येणारे लाखांनी. बाकी ब्रिटनने धंद्याचं मत १९६९ साली बंद केलं. लोणावळ्यात ही रीत आणली, तर वलवण-तुंगार्लीचे बंगले आणि हमरस्त्याची हॉटेलं मिळून गावठाणाचं मत बुडवतील. मला ते मान्य नाही.

स्नेह्यांचा दुसरा मुद्दा मात्र जड आहे: ज्याला झळ बसते त्याला मत हवं. ९ ऑगस्ट २०११ आठवा. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायचं ठरलं. त्याविरुद्ध द्रुतगती महामार्गावर बऊरजवळ मावळातले शेतकरी उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. योजना पिंपरी-चिंचवड महापालिकेची होती आणि तिच्या निवडणुकीत या शेतकऱ्यांना मत नव्हतं. झळ बसली म्हणून मत द्यायचं, तर आधी त्यांना द्यावं लागेल. झळ गावाच्या शिवेपाशी थांबत नाही, यादीला मात्र शीव लागते. म्हणून झळ बसलेल्याचं ऐकून घेतलंच पाहिजे, हे मी मानतो. विकास आराखड्यावर हरकत नोंदवायला मतदार असावं लागत नाही. स्नेह्यांनी ती नोंदवावी, मुख्याधिकाऱ्यांना भेटावं, कचऱ्यासाठी भांडावं. हे सगळं त्यांना खुलं आहे आणि त्यांच्याकडे वेळ, ओळखी, वकील सगळं आहे.

मत वेगळं. आषाढात चार-चार दिवस धुकं हलत नाही, भिंतींना बुरशी धरते, शनिवारी-रविवारी गाड्यांच्या रांगेत रुग्णवाहिका अडकते. हे सोडून ज्याला जायला दुसरं घर नाही, त्याचं ते आहे. ३० जून २०२४ला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर तिथल्या टपऱ्या हटवल्या. सुरक्षिततेसाठी काही करणं भागच होतं. पण पर्यटकाची एक सहल हुकली, टपरीवालीची चूल गेली.

त्याच विसाव्या कलमात आणखी एक वाक्य आहे. माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचा रहिवास तुटत नाही. मावळातली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. कायद्याने ती इथलीच. शनिवारी येऊन रविवारी जाणारा मालक इथला नाही, सहा महिने बाहेर राबणारा कातकरी इथला आहे. ही समज मला फार मोलाची वाटते. पण तपासणीच्या वेळी झोपडीचं दार बंद दिसलं आणि नाव कापलं गेलं, तर ते परत लावून घ्यायला कोण धावणार?

स्नेह्यांशी बोलणं चाललं होतं तेव्हा त्यांचा रखवालदार चहा घेऊन आला. बंगल्यामागच्या खोलीत तो बायकोमुलांसह नऊ वर्षं राहतो. मी त्याला विचारलं, मत कुठं आहे? म्हणाला, "कुठंच नाय साहेब. गावचं नाव गेलं, इथं पत्त्याचा कागद नाय."

स्नेही गप्प झाले. खोली त्यांची, वीजबिल त्यांच्या नावावर. तो इथं राहतो एवढं लिहून द्यायला त्यांना कधी कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनाही ते सुचलं नव्हतं. मी म्हटलं, नमुना सहाचा अर्ज भरायचा असतो, तुम्ही पत्र द्या, बूथवरचे अधिकारी येऊन पाहून जातील. त्यांनी आत जाऊन कागद आणला आणि रखवालदाराला त्याचं पूर्ण नाव विचारलं.