छिद्र आणि मौन

आपल्या वस्तूतील दोष घेणाऱ्याने विचारला नाही, तर तो आपण होऊन सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे काय? हा प्रश्न वरकरणी सोपा दिसतो. मलाही तो सोपाच वाटत असे. परंतु एका मोटारसायकलीने तो माझ्यापुढे अशा रीतीने उभा केला की, उत्तर द्यावयास मला पुरते आठ दिवस लागले.

ही गाडी मी जुनीच घेतलेली. तिचे इंजिन नुसत्या वाऱ्याने नव्हे, तर कूलंटने थंड राहते. पाण्यात साधारणतः निम्मे इथिलीन ग्लायकॉल मिसळलेले असल्याने व ते दाबाखाली कोंडलेले असल्याने, शंभर अंशांवरही ते उकळत नाही. मात्र ते पुरेसे असले पाहिजे. गोव्याहून बेळगावास परतताना केरी सोडून चोर्ला घाट चढू लागावे, पुढे मालाने भरलेला ट्रक लागावा, रेडिएटरचा पंखा घरघरू लागावा, की उष्णतेचा दिवा आता लागतो की मग, या धास्तीने वनशोभेकडे लक्ष म्हणून राहत नसे. दर आठ-दहा दिवसांनी राखीव टाकीत पेलाभर कूलंट घालावे लागे. पण जमिनीवर थेंब दिसेल तर शपथ!

गळती शोधणे हे संयमाचे काम आहे. गाडी धावत असता वारा थेंबास मागे ढकलतो, म्हणून ओल दिसते एकीकडे आणि तिचा उगम असतो दुसरीकडे. शिवाय तापलेल्या लोखंडावर थेंब पडताक्षणीच वाळतो. मागे राहतो तो केवळ हिरवट डाग. मी प्रथम इंजिन पूर्ण निवू दिले (गरम असता रेडिएटरचे झाकण उघडणाऱ्याचे तोंड भाजल्यावाचून राहत नाही), मग सर्व भाग धुऊन कोरडे केले आणि नळ्यांच्या सांध्यांवर अंगाला लावावयाची पावडर भुरभुरली. गाडी तापवून आणली व खाली पुठ्ठा पसरला. तो पुठ्ठा मात्र रात्री उघडा ठेवला नाही. हे द्रव्य चवीला गोड आणि मूत्रपिंडास घातक असते, आणि आमच्या अंगणात मांजरांचा राबता आहे.

दोन दिवस नळ्यांच्या क्लिपांनाच दोष देत बसलो. तिसऱ्या दिवशी पंपाखालच्या पावडरीत एक बारीक ओली रेघ दिसली. पंपाच्या दांड्यावर दोन सील असतात. एक कूलंट अडवते, दुसरे इंजिनातील तेल. दोहोंच्या मधोमध कारखान्यातच एक छिद्र पाडलेले असते. आतले सील झिजले म्हणजे कूलंटने तेलात न शिरता या छिद्रातून बाहेर यावे आणि मालकास वेळीच कळावे, एवढेच त्याचे प्रयोजन. छिद्र बुजवले तर गळती थांबल्यासारखी दिसते. परंतु कूलंट पुढे तेलात उतरण्याची भीती राहते, आणि तेल एकदा दुधाळ झाले की इंजिनाचे आयुष्य भरत येते. माझे तेल सुदैवाने स्वच्छ होते.

गाडी त्याच रविवारी एक तरुण पाहावयास येणार होता. त्याला पणजीस नोकरी लागलेली. म्हणजे तोच घाट त्यालाही चढावयाचा. मेकॅनिक म्हणाला, “अहो, लांबी भरा, वाळू द्या, आणि द्या गाडी विकून. घेणारा काय खाली वाकून बघतोय?”

लांबी भरणे मला पटले नाही. पण निव्वळ गप्प राहिलो तर? १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १७ वे कलम मी काढून वाचले. तेथे उदाहरणच आहे: सदोष घोडा लिलावात विकणारा त्या दोषाविषयी काहीच बोलला नाही, तर ते कपट नव्हे. उलट, ठाऊक असलेली गोष्ट कृतीने झाकणे हे कपट. मला हायसे वाटले, हे कबूल करतो. मात्र रविवारी सकाळी कूलंट खुणेपर्यंत भरून, पंपाखालचा डाग पुसावयास फडके हाती घेतले आणि तेथेच अडलो. तीन दिवसांपूर्वी हेच पुसणे गळती सापडावी म्हणून होते. आज ते सापडू नये म्हणून होते. हात तोच, फडके तेच. याला मौन म्हणावयाचे की झाकणे, हे कायद्याच्या पुस्तकात मला सापडले नाही.

पुसता पुसता आणखी एक गोष्ट दिसली. छिद्राच्या कडेस जुन्या लांबीचा पापुद्रा चिकटलेला होता. म्हणजे मला विकणाऱ्याने हेच केले होते! क्षणभर मनात आले, मला तरी कोणी सांगितले होते? मग असेही वाटले की, त्या गृहस्थालाही एखाद्या मेकॅनिकने हाच दुरुस्तीचा मार्ग म्हणून सांगितला असेल आणि त्याने तो प्रामाणिकपणे खराही मानला असेल. माझ्यापाशी तीही सबब उरली नव्हती.

तरुण आला. मी डाग दाखवला, पापुद्राही दाखवला. त्याने मोबाईलच्या उजेडात वाकून पाहिले, सीलचा खर्च विचारला, “काकांना विचारून सांगतो,” म्हणाला आणि गेला. या गोष्टीस पंधरवडा झाला. त्याचा निरोप नाही. गाडीचा पंप मी उघडून ठेवला आहे. सील कोल्हापूरहून यावयाचे आहे.