बेंगळुरूचे मल्याळी दिवस

रजनीकांत हा मूळचा आपला मराठी मुलगा, हे वाक्य बेंगळुरूतल्या मराठी घरांत पाहुण्यांसमोर हमखास निघतं. शिवाजीराव गायकवाड, जन्म १९५०, घरची भाषा मराठी, इथल्या सिटी बसमध्ये कंडक्टर. अभिमान रास्त आहे. पण तो माणूस तमिळ सिनेमाचा झाला आणि या शहरातल्या मराठी माणसाची गोष्ट मराठी पडद्यावर यायची ती राहूनच गेली. बेंगळुरूत येऊन राहिलेल्या तरुणांची गोष्ट कशी सांगावी हे पाहायचं असेल, तर आजही मल्याळम सिनेमाकडे जावं लागतं आणि तिथे पहिलं नाव घ्यावं लागतं अंजली मेनन यांचं.

मेनन मूळच्या कोझिकोडच्या, वाढल्या दुबईत. पुणे विद्यापीठातून त्यांनी कम्युनिकेशन स्टडीजची पदव्युत्तर पदवी घेतली आणि मग लंडन फिल्म स्कूल गाठलं. पुण्यानं मल्याळम सिनेमाला माणसं पुरवणं नवं नाही. अदूर गोपालकृष्णन, जॉन अब्राहम, के. जी. जॉर्ज हे तिघेही फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. मेनन त्या इन्स्टिट्यूटच्या नव्हेत, तरी पुण्यात राहून गेलेल्या. इतक्या गावांचं पाणी प्यायलेली ही बाई सिनेमा काढते तो मात्र घरी परतण्यावर. ‘मंजाडीकुरू’ या त्यांच्या पहिल्या चित्रपटात आखातात वाढणारा एक मुलगा आजोबांच्या मरणानंतर केरळातल्या मोठ्या घरी येतो. सोळा दिवसांचे विधी चाललेत, मोठ्यांचं लक्ष मृत्युपत्राकडे आहे आणि मुलांना त्या घरात राबणारी रोजा नावाची तमिळ पोर दिसते. घराच्या आठवणीनं गहिवरणारे चित्रपट ढिगानं निघतात. पण त्या घराचं काम कुणाच्या अंगावर पडतं, हे पहिल्याच चित्रपटात पाहणं मला महत्त्वाचं वाटतं. २००८ मध्ये केरळच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो दाखवला गेला, तरी चित्रपटगृहांत यायला त्याला २०१२ उजाडलं.

त्याच वर्षी ‘उस्ताद हॉटेल’ आला. लेखन मेनन यांचं, दिग्दर्शन अन्वर रशीद यांचं. त्याच्या संवादांसाठी मेनन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पटकथा लिहिणाऱ्याला मल्याळममध्ये मान आहे. एम. टी. वासुदेवन नायर आणि पद्मराजन हे आधी कथाकार म्हणून नावाजले आणि मग पडद्याकडे वळले. मेनन यांची ओळखही आधी लेखिका म्हणूनच घट्ट झाली. त्यांच्या चित्रपटांत कॅमेऱ्याची करामत शोधू नये, माणसं कशी लिहिली आहेत ते पाहावं.

मेनन यांचा ‘बॅंगलोर डेज’ ३० मे २०१४ रोजी प्रदर्शित झाला. तीन आते-मामे भावंडं तीन कारणांनी या शहरात येतात. कुट्टन आयटी कंपनीत नोकरीला. अर्जुनचं आयुष्य मोटारसायकलींत. दिव्याला खरं तर एमबीए करायचंय, पण पत्रिकेच्या नादानं तिचं घाईत लग्न लावून दिलं जातं आणि नवऱ्यामागोमाग ती इथे येते. गावातली निरागसता आणि शहराची हाव असा ठरलेला हिशेब मांडायला इथे भरपूर वाव होता. मेनन यांनी तो मांडला नाही, उलट त्याची टर उडवली.

कुट्टनची आईच घ्या. कल्पना या विनोदी अभिनेत्रीनं ती केली आहे. नवरा घर सोडून निघून जातो, चारचौघांत बाई दुःखात बुडालेली दिसते. मुलगा तिला बेंगळुरूच्या फ्लॅटमध्ये घेऊन येतो आणि इथे ती पाहता पाहता खुलते. गावाच्या, शेताच्या, देवळाच्या आठवणीनं झुरतो तो आयटीतला मुलगा! आईला त्या गावाचं काडीचं कौतुक नाही, कारण तिनं तिथे आयुष्यभर चूल सांभाळलीय. गावाची ओढ ही बरेचदा पुरुषाची चैन असते, हे एरवी परिसंवादात तासभर बोलून सांगावं लागतं. इथे ते हसत हसत दोन-तीन प्रसंगांत होतं. सासूबाई किंवा आई बेंगळुरूला राहायला आल्यावर वर्षभरात कशा मोकळ्या होतात, हे इथल्या कितीतरी मराठी घरांनी पाहिलंय. लिहिलं कुणी?

चित्रपट निर्दोष नाही. त्यातलं बेंगळुरू फ्लॅटच्या बाल्कनीतून पाहिलेलं आहे, त्यात कन्नड माणूस जवळजवळ नाहीच. दिव्याच्या नवऱ्याच्या पूर्वायुष्याचं रहस्यही फार सोयीनं सुटतं. बाल्कनीखालच्या शहराची उणीव पुढे जितू माधवन या लेखक-दिग्दर्शकानं भरून काढली. ‘रोमांचम’ (२०२३) हा त्याच्या स्वतःच्या बेंगळुरूतल्या दिवसांवर बेतलेला. २००७ साल, एका भाड्याच्या घरात कोंबलेली बेकार, अर्धबेकार पोरं, आणि कॅरमबोर्डावर प्लँचेट. ‘आवेशम’मध्ये (२०२४) इंजिनिअरिंगची तीन मल्याळी पोरं सीनिअर्सचा सूड घ्यायला रंगा नावाच्या स्थानिक गुंडाला गाठतात. फहाद फासिलचा तो रंगा मल्याळम आणि कन्नड एकत्र कालवून बोलतो. मडिवाळा, एजीपुऱ्याच्या गल्ल्यांत हीच मिश्र बोली कानावर पडते. मेनन यांच्या बेंगळुरूत लिफ्ट आहे, माधवनच्या बेंगळुरूत घरमालक.

शहर मल्याळी माणसाला इतकं आतून का दिसतं? नर्सिंग कॉलेजांपासून बेकऱ्यांपर्यंत तो इथे सगळीकडे आहे, हे झालंच. पण घरी जाण्याची वाटही त्यांच्या सामूहिक आठवणीचा भाग आहे. ८ जुलै १९८८ रोजी बेंगळुरूहून कन्याकुमारीला निघालेली आयलंड एक्स्प्रेस पेरुमणच्या पुलावरून अष्टमुडी तलावात कोसळली आणि शंभराहून अधिक माणसं गेली. ओणमच्या आधी रात्रीच्या बसच्या तिकिटांचे भाव काय होतात, हा तर तिकडे दरवर्षीच्या बातमीचा विषय.

रात्रीच्या बसवरून आठवलं, मेनन यांचं सगळ्यात धारदार काम तिथेच घडतं. २००९ च्या ‘केरळ कॅफे’ या दहा लघुपटांच्या संग्रहात त्यांचा एक आहे. जगती श्रीकुमार यांनी केलेला मध्यमवयीन गृहस्थ शेजारी बसलेल्या तरुणीशी लगट करू पाहतो. नित्या मेनन ती तरुणी. ती ओरडत नाही, रडत नाही. आपल्या सामानात बॉम्ब आहे, असं ती त्याला शांतपणे भासवते आणि पुढचा सगळा प्रवास घाम फुटण्याची पाळी त्याची. हे लिहिणारी बाई २०१७ मध्ये ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’च्या संस्थापकांत असावी, यात मला आश्चर्य वाटत नाही. त्या संघटनेच्या मागणीतून न्यायमूर्ती हेमा समिती नेमली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये सादर झालेला तिचा अहवाल लोकांसमोर यायला ऑगस्ट २०२४ उजाडला.

त्या लघुपटाचं नाव ‘हॅपी जर्नी’. पुढे याच नावाचा मराठी चित्रपट सचिन कुंडलकर यांनी २०१४ मध्ये केला आणि मेनन यांनी त्यावरून ‘कूडे’ (२०१८) रचला. परदेशातून परतलेला भाऊ, गेलेली बहीण, एक जुनी गाडी आणि दोघांचा राहून गेलेला सहवास. अतुल कुलकर्णी आणि प्रिया बापट यांच्या जागी पृथ्वीराज आणि नझरिया आले, गाडी निलगिरीच्या डोंगरात गेली. मराठीत भर भावाबहिणीच्या गप्पांवर होता. मेनन यांनी कोवळ्या वयात आखातात कमवायला पाठवलेल्या मुलाचं ओझं पुढे आणलं. माझ्या मते ‘कूडे’ जास्त संथ आणि जास्त खोल आहे, पण मूळ कल्पनेचं श्रेय कुंडलकरांचंच. मराठी लेखकाला परगावी गेलेल्या माणसाचं दुःख सुचतच नाही असं मग म्हणता येत नाही.

सुचतं, पण वाट ठरलेली आहे. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ हे २०१० च्या चित्रपटाचं नाव म्हणजे आपल्या सिनेमाचा नकाशाच. अलीकडे तो नकाशा ओलांडला तर थेट लंडनला. वाटेतल्या बेंगळुरूवर, इंदूरवर, हैदराबादवर गाडी थांबत नाही. वास्तविक बेंगळुरूशी आपली ओळख आयटीच्या कितीतरी आधीची. १६३८ मध्ये केंपेगौडांकडून हे शहर गेलं, ते विजापूरच्या दरबारानं शहाजीराजांना जहागीर म्हणून दिलं आणि पुढे जवळपास अर्धशतक ते भोसल्यांकडे राहिलं. हा इतिहास आपण शिवजयंतीला सांगतो. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात नाटक होतं, गणपती होतो, पोह्यांच्या बशा फिरतात. एखादा मराठी चित्रपट इथे लागला तर शनिवार-रविवारचे मोजके खेळ. प्रेक्षक नाही म्हणून गोष्ट नाही आणि गोष्ट नाही म्हणून प्रेक्षक नाही, असं निर्माते म्हणतील. केरळातल्या निर्मात्यांनाही ते म्हणता आलं असतं. ‘बॅंगलोर डेज’ चालला आणि त्याचा तमिळ अवतारही निघाला.

तेव्हा पटकथा लिहिणाऱ्या तरुण मराठी मंडळींना एक विनंती. उद्यान एक्स्प्रेसचं एक स्लीपरचं तिकीट काढा. सोलापूर सोडलं की डब्यातली मराठी हळूहळू कन्नड होत जाते, ती ऐकत या. इथे महिनाभर एखाद्या पीजीत राहा, शेजारच्या खाटेवरच्या मल्याळी पोराशी दोस्ती करा. आणि इथल्या एखाद्या मराठी घरातल्या आईला विचारा, गावाकडे परत जायचंय का म्हणून. तिचं उत्तर जसंच्या तसं लिहून काढा.